लाल बाटली, पांढरी बाटली: चोपडा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या थकव्याचं प्रकरण

मी आहारतज्ज्ञ आहे. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका फिजिशियन डॉक्टरांच्या दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस बसते. इथे मांडलेलं प्रकरण संबंधित कुटुंबाच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून वय आणि शेतीचे काही तपशील थोडे बदलले आहेत. घरात आणि गावात त्यांना ज्या नावाने हाक मारतात, त्याच नावाने मी त्यांना इथे नाना म्हणते. या प्रकरणात माझी एक ठळक चूक झाली आणि तिच्यामुळे त्यांचे जवळपास अडीच महिने गेले. हे लिहिण्याचं मुख्य कारण ती चूकच आहे.

पार्श्वभूमी

नाना 47 वर्षांचे. शेत तापीच्या उत्तरेला, सातपुडा रोज डोळ्यांसमोर असतो त्या पट्ट्यात. दोन एकर केळी ठिबकवर, तीन एकर कपाशी, दीड एकरात रब्बीला गहू. घरी एक म्हैस. पंचविशीत माळ घातली, तेव्हापासून मांस-मटण, अंडी बंद. दोन्ही एकादश्या आणि आषाढीची वारी चुकत नाही. सहा वर्षांपूर्वी मधुमेह निघाला. तेव्हापासून मेटफॉर्मिन सुरू होतं, गेली तीन वर्षं पूर्ण मात्रेत. शिवाय ‘ॲसिडिटीची गोळी’ म्हणजे पॅन्टोप्राझोल रोज सकाळी. ती कुणी कधी लिहून दिली होती ते त्यांना आठवत नव्हतं. मेडिकलवाला ओळखीचा होता, पट्टी संपली की नवी मिळायची.

कापूस वेचणीला आला होता तेव्हा ते पहिल्यांदा आले. खुर्चीत बसताना दोन्ही हात टेबलावर टेकवून बसले. म्हणाले, “आंगमा बळच नही शे, ताई.” वर्ष-सव्वा वर्ष हेच चाललं होतं. सकाळी उठल्यावर रात्रभर कुणी बडवल्यासारखं अंग. दुपारी बांधावर बसलं की डोळा लागायचा. पूर्वी दिवसभर फवारणी करणारा माणूस चार पंप मारले की थांबायचा. पायाला मुंग्या येत होत्या, चप्पल पायातून निसटली तरी लवकर कळायचं नाही. चिडचिड वाढल्याचं वहिनींनी सांगितलं. नाना त्यावर काही बोलले नाहीत.

मधल्या काळात त्यांनी स्वतःचे उपाय केले होतेच. रक्तवाढीचं टॉनिक. बीटचा रस, तोही दोन महिने, कारण रंग लाल म्हणजे रक्त वाढणार. बीटच्या शंभर ग्रॅममध्ये लोह एक मिलीग्रॅमही भरत नाही, पण हे त्यांना कोण सांगणार? आणि महिन्या-दीड महिन्याला गावातल्या दवाखान्यात सलाईन. खान्देशात ‘बाटली लावून येतो’ हे वाक्य इतकं रोजचं आहे की मी ते ऐकलं आणि पुढे गेले. नाना एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगत होते: “लाल बाटली लावी का बरं वाटस, पांढरीनं काही व्हत नही.” लाल बाटलीनंतर दहा-बारा दिवस बरे जायचे, साध्या पांढऱ्या बाटलीने काहीच नाही.

मी ते मनाचं समाधान म्हणून सोडून दिलं. रंगाने काय होतं, असं मला वाटलं.

अडचण नेमकी काय होती

थकवा ही फार पसरट तक्रार आहे. तिच्यामागे रक्त कमी असू शकतं, थायरॉईड असू शकतं, वाढलेली साखर, मूत्रपिंड, क्षय, झोपेत श्वास अडकणं, उदासी, यांतलं काहीही असू शकतं. म्हणून आमच्याकडे आहाराचं काही सुचवण्याआधी डॉक्टर तपासणी करून घेतात. नानांचं वजन घटलं नव्हतं, खोकला-ताप नव्हता. थायरॉईडची टीएसएच आणि मूत्रपिंडाची क्रिएटिनिन, दोन्ही तपासण्या ठीक आल्या. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, 7.6. फार वाईट नव्हे. ड जीवनसत्त्व कमी होतं, त्याचा कोर्स दिला. हिमोग्लोबिन 11.8. पुरुषात 13 च्या खाली गेलं तर रक्तक्षय धरतात, म्हणजे थोडं कमीच. आणि बी12 हे जीवनसत्त्व आलं 362.

या 362 ने आम्हा सगळ्यांना निर्धास्त केलं. साधारणपणे 200 च्या खाली कमतरता मानतात, 200 ते 300 मध्ये शंका घेतात. 362 पाहून आम्ही ती शक्यता यादीतून काढून टाकली. पायाच्या मुंग्या साखरेच्या खात्यावर गेल्या, थकवा जागरणाच्या खात्यावर.

जागरणाचं खातं खोटं नव्हतं. शेतीपंपाची लाईट आमच्याकडे पाळीने असते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात नाना दहाच्या सुमारास शेतात जायचे. केळीला ऑटोस्टार्टर आणि ठिबक असल्याने फक्त कॉक बदलावे लागत, पण गव्हाला मोकळं पाणी. एक सारा, म्हणजे शेतातला एक पट्टा, भरला की पाणी दुसऱ्याकडे वळवायचं, म्हणजे डोळा मिटायची सोय नाही. बिबट्याची भीती वेगळी. पहाटे घरी, सहाला दूध काढायचं, सातला डेअरी, मग कपाशी. दिवसा झोपणं त्यांना आळशीपणाचं वाटायचं. “दिवसा झोपस तो शेतकरी का?” असं ते मलाच विचारायचे.

मी तीन दिवसांचं खाणं लिहून घेतलं. दिवसातून नऊ वेळा चहा, अर्धा-अर्धा कप, प्रत्येकात चमचाभर साखर. चहातूनच दिवसाला चाळीस ग्रॅमच्या आसपास साखर जात होती, तीही मधुमेहात. सकाळी चहा-टोस्ट, अकराला पोळी आणि मिरचीची भाजी किंवा ठेचा, दुपारी शेतात वेचणाऱ्या बायांबरोबर फरसाण-चहा, रात्री साडेनऊला पोळी आणि शेवभाजी किंवा वांगं, वर तेलाची तर्री. डाळ होती, पण पातळ. भाकरी जवळजवळ बंद झालेली. म्हशीचं सात-आठ लिटर दूध डेअरीला जायचं, घरात राहायचं ते चहापुरतं. ताक नव्हतंच. माझ्या लहानपणी दुभत्या घरात ताक नाही असं होत नसे. आता डेअरीचा पगार महत्त्वाचा झाला आहे आणि मी त्याला नावं ठेवणार नाही, मुलाची जळगावची फी त्यातूनच जाते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय साखरेची औषधं वाढवण्याचा. डॉक्टरांना तो घाईचा वाटला, मलाही. दुसरा, झोपेच्या तपासणीसाठी मोठ्या शहरात पाठवण्याचा. पण नाना घोरत नव्हते, मान जाड नव्हती, वजन बेताचं होतं, म्हणून तो मागे ठेवला. तिसरा, आहार आणि दिनक्रम बदलून सहा-आठ आठवडे वाट पाहण्याचा. आम्ही तो निवडला. त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. माहितीच अपुरी होती, आणि ती अपुरी का राहिली ते पुढे येईल.

पाण्याच्या पाळीचं काय करायचं यावर खरा खल झाला. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेचा विषय त्यांच्या मुलानेच काढला. सर्वसाधारण गटाला दहा टक्के हिस्सा भरावा लागतो, तेवढी त्यांची तयारी होती. पण योजनेतला पंप साडेसात अश्वशक्तीपर्यंतच, आणि त्यांच्या बोअरचं पाणी इतकं खोल गेलंय की तेवढ्या पंपाने केळी भिजणार नाही असं त्यांचं गणित होतं. मला ते पटलं. रात्रीसाठी रोजंदारीचा माणूस ठेवणं परवडत नव्हतं. शेवटी चुलतभावाशी बोलणं झालं. शेजारी-शेजारी शेत, दोघांचीही एकच पाळी. एका रात्री एकाने जाऊन दोघांचे कॉक बदलायचे, दुसऱ्या रात्री दुसऱ्याने. गेली दहा वर्षं दोघं एकाच बांधावर आपापली बॅटरी घेऊन जागत होते. कुणी कुणाला विचारलं नव्हतं, इतकंच.

पहिला टप्पा: जे जमलं आणि जे फसलं

आहारात मी नवं काही आणलं नाही. कळण्याची भाकरी परत सुरू केली. ज्वारीत उडीद घालून, मीठ टाकून दळलेला हा कळणा आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. धान्य आणि डाळ एकत्र आल्याने दोघांच्या प्रथिनांतली उणीव भरून निघते आणि पोट लवकर रिकामं होत नाही. सकाळी टोस्टऐवजी कळण्याची भाकरी आणि दही. दुपारी जाड डाळ किंवा मटकी-चवळीची उसळ, भाजीत मेथी, पोकळा, अंबाडी जे बांधाला मिळेल ते. रात्रीचं जेवण शेतात जायच्या आधी साडेसातला. शेवभाजी रविवारी. चहा नऊवरून चारवर, त्यातला कुठलाच रिकाम्या पोटी नाही, आणि शेतातल्या रात्रीच्या थर्मासमध्ये चहाऐवजी कोमट पाणी. त्याला त्यांनी सगळ्यात जास्त विरोध केला. अर्धा लिटर दूध घरात ठेवायचं ठरलं. महिन्याला हजारभर रुपयांचा तो फटका होता. वहिनींनी तो माझ्यासमोर बोटांवर मोजला आणि मग मान डोलावली.

एक चूक त्याच भेटीत झाली. मी अंड्याचा विषय काढला. नानांनी गळ्यातल्या माळेला हात लावला, मी तरी पुन्हा म्हणाले की औषध म्हणून चालतं. ते उठून गेले नाहीत, पण पुढची अर्धी भेट ते फक्त ‘हो’ म्हणत होते. त्यांना पटत नसलेल्या बाकीच्या गोष्टींवरही ते मग माझ्याशी वाद घालायचे थांबले. मला ते वाद हवे होते, कारण त्यातूनच घरात काय होणार नाही ते कळतं.

सहा आठवड्यांनी साखर सुधारली होती. उपाशीपोटीची 150 वरून 121 वर. दुपारची पेंग थोडी कमी. छातीतली जळजळ बरीच कमी. पण अंगातलं बळ काही परत आलं नव्हतं आणि मुंग्या आता घोट्यापर्यंत चढल्या होत्या. अंधारात बांधावरून चालताना झोक जातो, असं ते म्हणाले. हे ऐकून मला बरं वाटलं नाही. आहार सुधारतोय, साखर उतरतेय आणि पाय बिघडतायत, हा मेळ बसत नव्हता.

मधे एक अपघात झाला. गावात कुणीतरी सांगितलं की मेटफॉर्मिननेच अशक्तपणा येतो. नानांनी ती बारा दिवस बंद केली. जेवणानंतरची साखर 268 वर गेली, तेव्हा मुलगा त्यांना घेऊन आला. सांगणाऱ्याच्या बोलण्यात तथ्याचा अंश होता, तो कसा ते त्याला स्वतःलाही ठाऊक नसावं. पण गोळी परस्पर बंद करणं हा त्यावरचा मार्ग नव्हता.

वळण

त्या भेटीत डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क काढून अंगठ्याच्या हाडावर धरला. कंप नानांना कळत नव्हता. डॉक्टर सगळे रिपोर्ट पुन्हा चाळत होते आणि मी सहज, काही तरी बोलायचं म्हणून विचारलं, “नाना, पहिली तपासणी केली तेव्हा शेवटची बाटली कधी लावली होती?”

“त्याच आठवड्यात. लाल. चार दिवस आधी.”

बी12 जीवनसत्त्वाचा रंग लाल असतो. इंजेक्शनची कुपी हातात घेतली तर तो लगेच दिसतो. सलाईन गुलाबी-लाल दिसते ती बहुतेक वेळा त्यात हेच मिसळल्यामुळे. नाना पहिल्या भेटीपासून सांगत होते की लालने बरं वाटतं आणि पांढऱ्याने नाही. आपल्या आजाराचं निदान ते स्वतःच आमच्या पुढ्यात ठेवत होते. आमचा 362 चा आकडा चार दिवसांपूर्वी शिरेतून गेलेल्या औषधाचा होता, त्यांच्या शरीरातल्या साठ्याचा नव्हता.

तोवर दहा आठवडे त्यांनी बाटली लावली नव्हती, मीच बंद करायला लावली होती. त्यामुळे पुन्हा तपासणी केली तेव्हा खरा आकडा आला: 138. रक्तपेशींचा सरासरी आकार 101, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या पेशी. पहिल्या रिपोर्टातही तो 98 होता, वरच्या मर्यादेला टेकलेला. तो आम्ही पाहिला होता, पण त्यावर थांबलो नव्हतो.

आता सगळे धागे जुळले. बी12 नैसर्गिकरीत्या प्राणिज अन्नातच मिळतं. भाजी, डाळ, भाकरी, केळी, कशातच ते नाही, कितीही सकस असली तरी. माळकरी माणसाला ते दूध-दही-ताकातूनच मिळणार. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढाला दिवसाला 2.2 मायक्रोग्रॅम लागतं, पावलिटर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळतं. नानांच्या पोटात दूध जात होतं ते नऊ चहांमधून, चमच्या-चमच्याने. जे थोडं जात होतं ते अन्नापासून सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं, आणि ते आम्ल पॅन्टोप्राझोलने दाबून ठेवलं होतं. उरलंसुरलं शोषलं जाण्यात मेटफॉर्मिनचा अडथळा. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी12 कमी होतं, हे जुनं ज्ञान आहे. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने 2022 मध्ये लक्षणं असलेल्या अशा रुग्णांचं बी12 तपासण्याची सूचनाही केली आहे. गोळी जळजळीसाठी, जळजळ चहामुळे, चहा जागरणामुळे, जागरण लाईटच्या पाळीमुळे. महावितरणच्या वेळापत्रकापासून पायाच्या मुंग्यांपर्यंत हा एकच रस्ता होता.

टॉनिकमधलं फॉलिक ॲसिडही धोक्याचं होतं. बी12 कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं. ते त्याच दिवशी बंद केलं.

दुसरा टप्पा

डॉक्टरांनी बी12 ची इंजेक्शनं सुरू केली, आधी दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला एक. पुढे रोजची जास्त मात्रेची गोळी ठरली. गोळीतलं बी12 अन्नाला चिकटलेलं नसतं, म्हणून ते सुटं करायला आम्ल लागत नाही आणि मात्रा मोठी असली की पुरेसा अंश शोषला जातो. मेटफॉर्मिन सुरूच ठेवलं. पॅन्टोप्राझोल एकदम बंद केलं तर आम्ल उसळतं आणि माणूस चार दिवसांत पट्टी परत आणतो, म्हणून ते दोन महिन्यांत हळूहळू उतरवलं. हे जमलं ते जेवण लवकर आणि चहा कमी झाल्यामुळे. पहिल्या टप्प्यातली मेहनत इथे कामी आली.

दूध-दही वाढवलं, दुपारी मोठा पेला ताक. एकादशीला साबुदाण्याऐवजी भगर, तीही बेताची, सोबत दाण्याची आमटी आणि ताक. केळी पूर्ण सोडली होती, ती जेवणासोबत एक छोटी अशी परत दिली. स्वतःच्या बागेतलं केळ तोडायचं आणि तोंडात घालायचं नाही, ही शिक्षा त्यांना साखरेपेक्षा जास्त लागली होती.

रात्रपाळीनंतर दुपारी एक ते चार झोप ठरली. वहिनींनी आतल्या खोलीच्या खिडकीला गोणपाट लावलं आणि फोन स्वतःकडे ठेवला. चुलतभावाची पाळी बहुतेक वेळा पाळली गेली. रब्बीचा निर्णय नानांनी स्वतः घेतला. त्या वर्षी त्यांनी गहू पेरला नाही, हरभरा पेरला. गव्हाला पाच-सहा पाणी लागतात, हरभऱ्याचं एक-दोन पाण्यांत भागतं, तेही तुषारवर. रात्रीच्या जागरणाचा सगळ्यात मोठा भाग एका पेरणीत वजा झाला. आहारतज्ज्ञाच्या वहीत हे कधी सुचलं नसतं.

परिणाम

तिसऱ्या आठवड्यात नाना म्हणाले की सकाळी उठल्यावर अंग आपलं वाटतं. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन 13.2, एचबीएवनसी 6.9. चालताना झोक जाणं थांबलं. उजव्या पायाच्या मुंग्या गेल्या. डाव्या पायाची दोन बोटं मात्र अजून बधिर आहेत. नसांना बसलेला मार किती भरून येतो हे तो किती दिवस चालू होता त्यावर ठरतं. आमचे वाया गेलेले दहा आठवडे त्या दोन बोटांत असतील की नाही, हे कुणी सांगू शकत नाही. मला ते बोचतं.

मे महिन्यात बेत मोडला. पारा 44 वर, केळीला रोज पाणी, चुलतभाऊ लग्नसराईत. नाना सलग पाच रात्री जागले, चहा परत सातवर गेला आणि थकवा परतला. या वेळी मात्र त्यांनी बाटली लावली नाही. फोन करून म्हणाले, “हाई जागरणनं शे, मन्हं माले समजस.” जून लागला, पाऊस पडला आणि दोन आठवड्यांत ते रुळावर आले.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच भेटीत पायांची तपासणी व्हायला हवी होती. मधुमेह आणि मुंग्या एकत्र दिसल्या की साखरेवर बोट ठेवणं सोपं असतं, पण मेटफॉर्मिन आणि शाकाहार दोन्ही असताना बी12 ची शंका आकडा चांगला आला तरी पूर्ण सोडायची नाही. पेशींचा आकार, आणि बी12 कमी असलं की रक्तात वाढणारं होमोसिस्टीन, यांचा आधार घेता येतो. अंड्याचा विषय एकदा काढून थांबायला हवं होतं.

आणि वहिनी. सगळ्या भेटींना त्या आल्या, सगळं त्यांनी केलं. रात्री नाना निघताना थर्मास भरायला त्या उठायच्या, पहाटे ते येताना दार उघडायला उठायच्या. “रातले झोप कोठे शे माले” हे त्या हसत म्हणाल्या होत्या, पहिल्याच दिवशी. त्यांचं हिमोग्लोबिन मी सातव्या महिन्यात तपासायला सांगितलं. ते 9.6 निघालं. त्यांची कारणं वेगळी आहेत, लोहाची आहेत, उपचार सुरू आहेत.

आता माझ्या नोंदवहीत पहिल्या पानावर एक ओळ वाढवली आहे: गेल्या तीन महिन्यांत कुठली सुई, कुठली बाटली, कधी, आणि रंग कोणता. औषधाचं नाव फार थोड्यांना आठवतं. रंग सगळ्यांना आठवतो.